उभ्या गाडीची बॅटरी का मरते?

वापरून वापरून एखादी वस्तू झिजली तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. सायकलचे टायर झिजतात, विळीची धार जाते. पण हात न लावता नुसती ठेवून दिली म्हणून निकामी झालेली वस्तू पाहिली की मात्र माणूस बुचकळ्यात पडतो. मोटारीत असते ती शिशाची बॅटरी अशा वस्तूंपैकी एक आहे. तिला उपास सोसत नाही आणि अतिआहारही सोसत नाही. असे का व्हावे, हे आज आपण पाहू.

युरोपात, उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बरीच कुटुंबे ‘मोटरहोम’ बाळगतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. मोठ्या गाडीतच झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याचा पंप, छोटा शीतकपाट, दिवे असा सगळा संसार मांडलेला असतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण आखले. थंड देशांत ही गाडी उन्हाळ्यात गावोगाव हिंडते आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने अंगणात उभी राहते. वसंत ऋतूत मालक किल्ली फिरवतो, तर इंजिन ढिम्म हलत नाही. बॅटरी संपली असेल म्हणून तो ती भरायला लावतो, पण ती पूर्वीसारखी भरतच नाही. ती नुसती रिकामी झालेली नसते. आजारी पडलेली असते.

या गाडीत बहुधा दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. तिला काही क्षणच, पण शेकडो अँपिअरची धारा द्यावी लागते, म्हणून तिच्यात पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. दुसरी घरातल्या दिव्या-पंख्यांसाठी. तिला थोडी थोडी धारा तासन्‌तास द्यायची असते, म्हणून तिच्या पट्ट्या जाड. रात्री दिवे जळत राहिले तरी सकाळी इंजिन सुरू व्हावे, यासाठी इंजिन बंद असताना दोघींमधली जोडणी आपोआप तुटेल अशी व्यवस्था केलेली असते. आपल्याकडे इन्व्हर्टरला जोडलेली बॅटरी ही या दुसरीचीच बहीण. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते तुमच्या घरातल्या किंवा शाळेतल्या बॅटरीलाही लागू आहे.

बॅटरीच्या पोटात काय चालते?

१८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना चिकटू नयेत अशा बेताने गुंडाळून, विरल गंधकाम्लात बुडवले आणि त्यांतून वीज सोडली. मग पाहतो तो, दिलेली वीज पत्र्यांकडून परत मिळते! पुन्हा पुन्हा भरता येणारा हा पहिला घट. पुढे १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लगदा पट्ट्यांवर थापण्याची युक्ती काढली आणि घट कितीतरी जास्त वीज साठवू लागला. आजच्या बॅटरीतही शिशाच्या जाळीत असाच लगदा भरलेला असतो.

भरलेल्या घटात ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असते, धन पट्टी तपकिरी लेड डायऑक्साइडची, आणि दोहोंमध्ये विरल गंधकाम्ल. घट वीज देऊ लागला की दोन्ही पट्ट्यांवर एकच पदार्थ तयार होतो, तो म्हणजे लेड सल्फेट. १८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी मांडलेली ही उपपत्ती आपण थोडक्यात अशी लिहू :

शिसे + लेड डायऑक्साइड + गंधकाम्ल ⇄ लेड सल्फेट + पाणी

डावीकडून उजवीकडे गेले की वीज मिळते. बाहेरून वीज देऊन उजवीकडून डावीकडे ढकलले की घट भरतो. या समीकरणात एक मोठी सोय दडलेली आहे. वीज काढली की आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. म्हणजे द्रव हलका होतो. म्हणून द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजले की घटात वीज किती उरली ते कळते. मोटार दुरुस्तीच्या दुकानात काचेच्या नळीत तरंगणारा घनतामापक असतो तो यासाठीच. भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ असते, निम्म्या घटात १.१९ च्या आसपास, आणि रिकाम्यात १.१२ च्या आसपास. त्यात ०.८४ मिळवा, की एका घटाचे स्थिर अवस्थेतले विभवांतर जवळजवळ अचूक मिळते. १.२६५ अधिक ०.८४ म्हणजे २.१०५ व्होल्ट. आपण जिला १२ व्होल्टची म्हणतो त्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून भरलेल्या बॅटरीचे विभवांतर १२.६ व्होल्ट भरते. निम्मी आणि रिकामी बॅटरी किती व्होल्ट दाखवील ते आता तुम्हीच काढा.

उपासाचे दुखणे

बॅटरीतून वीज काढल्यावर तयार होणारे लेड सल्फेट प्रथम अगदी बारीक कणांचे असते. लगेच बॅटरी भरायला लावली तर हे कण सहज विरघळून पुन्हा शिसे व लेड डायऑक्साइड बनतात. पण बॅटरी तशीच पडून राहिली तर? मधाची बाटली महिनोन्‌महिने फडताळात राहिली की तळाशी साखरेचे खडे धरतात, ते आठवा. लेड सल्फेट पाण्यात फारच थोडे विरघळते, पण विरघळते. बारीक कण विरघळतात आणि तोच पदार्थ मोठ्या कणांवर जाऊन बसतो. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात. शेवटी पट्टीवर कठीण स्फटिकांचा थर बसतो. तो वीज नीट वाहू देत नाही, विरघळतही नाही, आणि लगद्याची छिद्रे बुजवून टाकतो. यालाच ‘सल्फेट धरणे’ म्हणतात. पट्टीचा जेवढा भाग असा गेला, तेवढी बॅटरी कायमची लहान झाली.

कोणी म्हणेल, दिवे-पंखे बंद आहेत, मग वीज जाते कुठे? दोन वाटांनी जाते. एक तर घट आतल्या आत हळूहळू रिकामा होत असतो. नव्या धर्तीच्या बॅटऱ्यांत हे प्रमाण महिन्याला दोन-तीन टक्के असेल, जुन्या धर्तीच्यांत पुष्कळ जास्त; आणि दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीला हा वेग अदमासे दुप्पट होतो. दुसरी वाट अधिक लबाड आहे. गाडीतले घड्याळ, चोरीची सूचना देणारी घंटा, स्वयंपाकाचा वायू गळला तर ओरडणारे यंत्र, ही मंडळी रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीतच असतात. समजा, सगळी मिळून फक्त ३० मिलिअँपिअर धारा घेतात. मग एका दिवसात ०.०३ × २४ = ०.७२ अँपिअर-तास. दिसायला किरकोळ. पण हिवाळ्याच्या १२० दिवसांत ८६.४ अँपिअर-तास! १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्यात जवळजवळ कोरडी ठाक. म्हणूनच जाणते मालक गाडी उभी करताना बॅटरीचे टोक सोडवून ठेवतात किंवा मधला खटका बंद करतात.

थंड देशांत रिकाम्या बॅटरीवर आणखी एक संकट येते. भरलेल्या बॅटरीतले आम्ल शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पण रिकाम्या बॅटरीत जवळपास पाणीच उरलेले असते. विशिष्ट गुरुत्व १.१० पर्यंत उतरले असेल तर शून्याखाली आठ अंशांच्या सुमारास बर्फ होऊ लागतो. बर्फ फुगतो, पट्ट्या वाकतात, पेटी तडकते. गोठलेली बॅटरी भरायला लावणे तर धोक्याचेच. आधी ती पूर्ण वितळू द्यायची आणि तडे गेलेले नाहीत ना, हे पाहायचे.

अजीर्णाचे दुखणे

उपासाने एवढे नुकसान, तर बॅटरी कायम चार्जरला लावून ठेवावी, असे कोणालाही सुचेल. पुष्कळांनी तसे केले आणि बॅटऱ्या मारल्या. जुन्या पद्धतीच्या साध्या चार्जरमध्ये एक रोहित्र आणि एक एकदिशकारक एवढेच असे. बॅटरी भरली की थांबावे, ही अक्कल त्याला नसे.

पट्ट्यांवरचे लेड सल्फेट संपले आणि तरी धारा चालूच राहिली, तर ती करणार काय? ती पाण्याचे अपघटन करू लागते. ऋण पट्टीवर हायड्रोजन, धन पट्टीवर ऑक्सिजन. खरे पाहता पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरतात आणि आपला घट तर दोन व्होल्टचा आहे. मग तो एरवी स्वतःचेच पाणी फोडून का टाकत नाही? शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे तयार होणे फार कष्टाचे असते, त्यासाठी बराच जादा दाब लागतो, हे त्याचे कारण. शिशाच्या या एका हट्टी स्वभावावर सगळी बॅटरी उभी आहे म्हणा ना! परंतु एका घटावरचे विभवांतर सुमारे २.४ व्होल्टपर्यंत, म्हणजे बॅटरीवरचे १४.४ व्होल्टपर्यंत गेले, की हा हट्ट सुटतो आणि बुडबुडे जोराने येऊ लागतात.

किती पाणी जाते? फॅरडेचा नियम तुम्ही शिकला आहात. ९६,५०० कुलोम विद्युतभार गेला की ९ ग्रॅम पाणी फुटते. एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कुलोम. त्यात एका घटाचे ०.३३६ ग्रॅम, सहा घटांचे मिळून सुमारे २ ग्रॅम पाणी जाते. चार्जर फक्त एक अँपिअर धारा भरलेल्या बॅटरीत रेटत राहिला, तर दिवसाला ४८ ग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ दीड लिटर! तेवढे होण्याच्या कितीतरी आधीच पट्ट्यांची डोकी उघडी पडतात आणि जळतात. शिवाय धन पट्टीची शिशाची जाळी या अवस्थेत गंजत राहते. लगदा शाबूत असला तरी जाळीच मोडली, तर वीज बाहेर येणार कशी?

आता हायड्रोजनचा हिशेब करा, कारण इथे माणसाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. त्याच एका अँपिअरने सहा घटांतून तासाला सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पडताच भडका उडू शकतो. एक घनमीटरच्या, म्हणजे हजार लिटरच्या बंद कप्प्यात ४० लिटर हायड्रोजन जमायला अवघे १६ तास पुरतील. म्हणून बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूस झरोका हवाच. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने तो वरूनच निघून जातो. चार्जर बंद न करता चिमटे काढले की ठिणगी हमखास पडते, आणि तीही नेमकी बुडबुड्यांच्या तोंडाशी. पेटी फुटून आम्ल तोंडावर उडाल्याचे अपघात यातूनच होतात. आधी चार्जरचे बटण बंद, मग चिमटे. हा क्रम कधी मोडू नका.

भरायचे कसे?

एस. टी. स्थानकावर रिकामी गाडी लागली की काय होते ते डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीला माणसे भराभर चढतात आणि मिळेल त्या आसनावर बसतात. निम्म्याहून अधिक गाडी भरली की चढण्याचा वेग मंदावतो, कारण जागा राहिलेली असते ती मागच्या कोपऱ्यांत. तेव्हाही बाहेरून तोच रेटा चालू ठेवला तर माणसे बसत नाहीत, दारातच चेंगरतात. बॅटरीचेही असेच आहे. रिकाम्या पट्टीवर लेड सल्फेट सगळीकडे पसरलेले असते, त्यामुळे आलेली सगळी धारा कामी येते. पुढे सल्फेट उरते ते लगद्याच्या खोल छिद्रांत. तिथवर आम्लाची ये-जा व्हायला वेळ लागतो. त्या वेळी जोर केला तर जादा धारा पाणी फोडण्यात जाते.

म्हणून चांगला चार्जर तीन टप्प्यांनी चालतो. पहिल्यात तो ठरावीक मोठी धारा देतो. विभवांतर आपोआप चढत जाते. १४.४ व्होल्टच्या आसपास पोचले की दुसरा टप्पा : आता विभवांतर तेवढेच धरून ठेवायचे आणि धारा बॅटरीच्या मर्जीने कमी होऊ द्यायची. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला पहिल्या चार हिश्शांइतका वेळ सहज लागतो. तासाभराच्या प्रवासात गाडीच्या जनित्राने बॅटरी पूर्ण भरत नाही, ती यामुळेच. धारा अगदी थोडी उरली की चार्जर तिसऱ्या टप्प्यात, साडेतेरा व्होल्टच्या आसपास, उतरतो. हे विभवांतर बॅटरीच्या स्वतःच्या १२.६ पेक्षा थोडे वर आहे, त्यामुळे आपोआप जाणारी वीज भरून निघते आणि सल्फेट धरत नाही, आणि १४.४ च्या पुष्कळ खाली आहे, त्यामुळे पाणी फारसे फुटत नाही. उपास आणि अजीर्ण यांच्यामधली ही पाऊलवाट जेमतेम व्होल्टभर रुंद आहे! उभ्या मोटरहोमला या तिसऱ्या टप्प्याचा चार्जर सगळा हिवाळा जोडून ठेवता येतो.

हे आकडे २५ अंशांच्या सुमारास खरे. उष्णतेने सगळ्याच रासायनिक क्रिया जलद होतात, म्हणून उन्हाळ्यात विभवांतर कमी ठेवावे लागते, थंडीत वाढवावे लागते : दर घटामागे, दर अंशाला, सुमारे तीन ते पाच मिलिव्होल्ट. सहा घट आणि २० अंशांचा फरक धरला तर जवळजवळ अर्धा व्होल्ट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीतला चार्जर थंड देशाच्या मापाने चालवला तर बॅटरी का उकळते, ते यावरून कळेल. जेलची बॅटरी तर अधिकच नाजूक. तिच्यात पाणी घालायला तोंडच नसते, तेव्हा गेलेले पाणी गेलेच. तिची वरची मर्यादा १४.१-१४.२ व्होल्टच ठेवतात.

आता ओहमच्या नियमाकडे वळू, कारण पुष्कळ मोटरहोमांत चार्जर निर्दोष असूनही मागची बॅटरी अर्धपोटी राहते. समजा, पुढच्या इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार आहे आणि तिचा छेद ६ चौरस मिलिमीटर आहे. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. तेव्हा आपल्या तारेचा रोध ०.०१७२ × १० ÷ ६, म्हणजे सुमारे ०.०२९ ओहम. ३० अँपिअर धारा वाहत असताना त्यात ०.८६ व्होल्ट खर्ची पडतात. जनित्र १४.४ देत असले तरी बॅटरीच्या टोकांशी पोचतात साडेतेरा! बॅटरी भरत जाईल तशी धारा घटेल आणि ही घटही कमी होईल, पण वेळ फार लागेल. उपाय सोपा आहे, तार जाड घ्यायची. युरोपातल्या अलीकडच्या गाड्यांत तर इंधन वाचवण्यासाठी जनित्र मधूनमधून आपले विभवांतर स्वतःच उतरवते. तिथे मागच्या बॅटरीसाठी विभवांतर चढवणारे वेगळे उपकरण बसवावे लागते.

टपावर सौर पट्टी बसवली की हिवाळ्याची काळजी बरीच मिटते. मात्र १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी पट्टी बहुधा ३६ सौर घटांची असते आणि मोकळी असताना भर उन्हात २१-२२ व्होल्ट दाखवते. ती सरळ बॅटरीला जोडणे म्हणजे पुन्हा अजीर्णच. मध्ये नियंत्रक हवा.

हल्ली अशा गाड्यांत लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांचा स्वभाव जवळजवळ उलटा आहे. अर्ध्या भरलेल्या अवस्थेत त्या खुशाल पडून राहतात, उलट कायम काठोकाठ भरून ठेवलेल्या त्यांना मानवत नाहीत. आणि शून्य अंशाखाली त्या भरायच्या नाहीत, कारण तेव्हा धातुरूप लिथियम पट्टीवर साचू लागते. तेव्हा शिशाचा चार्जर लिथियमला आणि लिथियमचा शिशाला लावण्याआधी दोन्हींवरची सूचना वाचलेली बरी.

शाळेतली बॅटरी

मोटरहोमचा हिवाळा म्हणजे आपल्या शाळेची मे महिन्याची सुट्टी. संगणकाच्या खोलीतला इन्व्हर्टर दीड महिना कुलपात राहतो. जाताना कोणी मुख्य बटण बंद करते आणि इन्व्हर्टर मात्र चालूच राहतो. मग त्याची स्वतःची भूक भागवता भागवता बॅटरी रिकामी होते, तीही चाळीस अंशांच्या खोलीत. शिक्षकांनी सुट्टीपूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि मग इन्व्हर्टर बंद करून तिचे एक टोक सोडवून ठेवावे. सुट्टीच्या मध्यावर एकदा ती पुन्हा भरून घेतली तर उत्तमच.

पाण्याची पातळी पाहताना चष्मा आणि रबरी हातमोजे हवेत. फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह घटाला अपायकारक असतात. आम्ल कधीही घालायचे नाही, कारण बुडबुड्यांवाटे गेले ते पाणी, आम्ल आतच आहे. पाणी घालायचे तेही बॅटरी भरल्यानंतर, कारण भरताना द्रव वर चढतो आणि आधीच काठोकाठ असेल तर आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे. गाडीची बॅटरी सोडवायची असेल तर जे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, बहुधा ऋण, ते आधी काढायचे आणि जोडताना शेवटी जोडायचे. धन टोकावर पाना लावलेला असताना तो सांगाड्याला टेकला तर शेकडो अँपिअर धारा वाहून पाना लाल होतो. ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर काहीच होत नाही. असे का, याचा परिपथ काढून पाहा.

एक निरीक्षण मात्र तुम्ही स्वतः करू शकता. घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, स्कूटर रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू करण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन टोकांतले विभवांतर बहुमापकाने मोजा. नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर मोजू नका. पट्ट्यांच्या पृष्ठभागाजवळ दाट आम्ल असते आणि काही तास आकडा फसवा, मोठा येतो. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे ही नोंद ठेवा आणि आलेखाच्या कागदावर मांडा. स्कूटर रोज चालत असेल तर रेषा १२.६ च्या आसपास आडवी राहील. परीक्षेच्या दिवसांत ती दोन-तीन आठवडे उभीच राहिली, तर रेषा कुठे वळते ते पाहा. आणि मघाचे ०.८४ वजा करून, बॅटरीच्या आत तेव्हा आम्लाचे विशिष्ट गुरुत्व किती झाले असेल, ते झाकण न उघडता सांगा.